वखराच्या पासेला नाणे लागले तर...



मार्च २०२५ मध्ये आपल्या मेळघाटापलीकडे, बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील असीरगडाच्या पायथ्याशी एक अजब जत्रा भरली होती. दिवस मावळला की माणसे बॅटऱ्या, फावडी आणि चाळण्या घेऊन वावरात उतरत. काहींच्या हाती धातू शोधण्याचे मशीन असे. महामार्गाच्या कामात निघालेली माती तिथल्या शेतात टाकली होती आणि त्या मातीत मोगलांच्या वेळची नाणी मिळाल्याची बोलवा उठली होती. त्यातच फेब्रुवारीत 'छावा' हा सिनेमा आला. त्यात बुऱ्हाणपूरची श्रीमंती लोकांनी पडद्यावर पाहिली आणि बोलवेला पाय फुटले. शेवटी पोलिसांनी येऊन लोकांना पांगवले. सोने कोणाला किती मिळाले हे कोणी सांगितले नाही, पण वावरातले खड्डे सगळ्यांनी पाहिले.

बोलवेला बूड अगदीच नव्हते असे नाही. बुऱ्हाणपूर म्हणजे मोगलांचे दख्खनचे दार. तिथे त्यांची टांकसाळ होती. १६८१ साली संभाजी महाराजांच्या फौजेने त्या शहराची पेठ लुटली होती. अशा धामधुमीत माणूस आपले किडूकमिडूक मडक्यात घालून पुरतो, आणि पुरणारा परत आला नाही तर ते तिथेच राहते. आपल्या वऱ्हाडालाही हे नवे नाही. इमादशाहीची राजधानी आपल्या अचलपुरात होती. १८०३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अडगावची लढाई झाली आणि गाविलगड पडला. त्याच्या मागेपुढे पेंढाऱ्यांनी गावेच्या गावे धुऊन नेली. तेव्हा बँक नव्हती. होती ती चुलीखालची जमीन.

म्हणूनच आपल्याकडे गढी तिथे गुप्तधनाची गोष्ट असतेच. पूर्वी त्या गोष्टीच्या मागे मांत्रिक यायचा, पायाळू माणूस शोधला जायचा, अमावस्येला नारळ-लिंबू व्हायचे. आता मांत्रिकाबरोबर मशीनवालाही येतो. पूर्णाकाठच्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने मला सांगितले, "सायेब, थे मशीन लय बोंबललं. आमी कमरेइतकं खंदलं. निंगालं काय? वखराच्या फासाचा तुकडा अन् बैलाच्या नालीचे दोन खिळे!" मशीनवाल्याने आपली मजुरी मात्र आगाऊ घेतली होती.

या मशीनची गंमत समजून घ्या, म्हणजे फसणार नाही. मशीनच्या खालच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की आसपास चुंबकी क्षेत्र तयार होते. जमिनीतल्या धातूत त्यामुळे बारीक वीज फिरते, तिचा पडसाद वेटोळ्याला कळतो आणि मशीन वाजते. सुटे नाणे असेल तर साधे मशीन ते वीतभर खोलीपर्यंत हुडकते. मोठा हंडा असेल तर थोडे अधिक खोल जाते. धातू आहे एवढेच ते सांगते. तो सोन्याचा की पत्र्याचा, याचा अंदाज महागड्या मशीनलाही पुष्कळदा चुकतो.

त्यातून आपली जमीन या मशीनला धार्जिणी नाही. वऱ्हाडची काळी माती काळ्या पाषाणापासून झाली आणि त्या पाषाणात लोहाचे चुंबकी कण आहेत. पटत नसेल तर पोराला नाल्याच्या कोरड्या रेतीतून लोहचुंबक ओढायला सांगा. चुंबकाला काळ्या मिशा फुटतील. हेच कण मशीनला फसवतात. अकोला, दर्यापूर, तेल्हारा भागातल्या खारपाणपट्ट्यात तर आणखी एक भर पडते. ओल्या खारट मातीतून वीज सहज वाहते, त्यामुळे खाली काही नसतानाही मशीन कुरकुरते. मशीन वाजले म्हणून खणायचे ठरवले, तर खारपाणपट्ट्यात एकरच्या एकर खणावे लागेल.

आणि जो कोणी 'तीस फूट खोलीवरचे सोने दाखवतो' म्हणून हातात काडीसारखी तार धरून चालतो, त्याला पाणी पाजा आणि वाटेला लावा. अशाच तारेच्या खेळण्याला बॉम्ब शोधणारे यंत्र म्हणून इराक सरकारच्या गळ्यात मारणारा जेम्स मॅककॉर्मिक नावाचा इंग्रज व्यापारी २०१३ मध्ये दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. सरकार फसते, तिथे आपण कोण! तांदूळ ओढून घेणारे भांडे, राम-हनुमानाची चित्रे असलेली 'कंपनी सरकारची' नाणी, हे त्याच जातीचे धंदे आहेत. ही नाणी कंपनीने पाडलेलीच नाहीत. ते देवळातले टाक आहेत, आणि बहुतेक तर अलीकडे ओतलेले. धनासाठी कोणी अघोरी विधी सुचवला, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विधी करवून घेणाराही त्यात सापडतो.

इथवर झाली फसवणुकीची गोष्ट. पण समजा मशीन खरे निघाले आणि खरेच नाणे मिळाले, तर? माझे म्हणणे असे, की खरे नुकसान तिथेच होते.

अचलपूरच्या नैऋत्येला दीड-दोन कोसांवर चम्मक नावाचे गाव आहे. १८६८ च्या सुमारास तिथे एका शेतात नांगर चालू असताना तांब्याचे पत्रे निघाले. त्यावर अक्षरे होती. कोणीतरी ते कासाराला न विकता पुढे पोचवले, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे की पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने हे गाव हजार ब्राह्मणांना दान दिले होते. पत्र्यावर गावाचे नाव आहे चर्मांक. दीड हजार वर्षे लोटली, राजे गेले, भाषा बदलली, आणि चर्मांकचे चम्मक एवढाच फरक पडला! गाव कोणत्या नदीकाठी आहे, किती मापाची जमीन दिली, कोणते कर माफ केले, हे सगळे त्यात आहे. हे दान घेणाऱ्यांनी चोरी करू नये, राज्याशी द्रोह करू नये, दुसऱ्या गावांना त्रास देऊ नये, अशा अटीही आहेत. आणि आपल्या विषयाची गोष्ट म्हणजे, गावाबरोबर जमिनीतले गुप्तधन आणि ठेवीही दिल्याचे त्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे पुरलेले धन कोणाचे, हा प्रश्न वऱ्हाडात पंधराशे वर्षांपूर्वीही कागदोपत्री, नव्हे पत्र्यावर, मिटवावा लागत होता.

आता दुसरी गोष्ट ऐका. मंगरूळपीर तालुक्यातले तऱ्हाळा हे गाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे. १९३९ साली तिथे जुन्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी दीड हजाराच्या आसपास होती. सोन्याचे एकही नाही, चांदीचेही नाही. तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची, एका बाजूला हत्ती असलेली, मळकट नाणी. मोडीत घातली असती तर त्यांचे काय आले असते? पण ती नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांच्यापर्यंत पोचली आणि त्यांनी एकेक वाचून काढली. ती सातवाहनांची होती. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे निघाली. पुराणांतल्या राजांच्या याद्यांत ही नावे नाहीत. ते राजे होऊन गेले हे जगाला कळले ते तऱ्हाळ्याच्या मातीतून.

एक बारकावा लक्षात घ्या. हा साठा एकत्र राहिला म्हणून त्याला किंमत आली. कोणत्या राजाची नाणी कोणाच्या नाण्यांसोबत होती, कोणाची जास्त, कोणाची कमी, कोणाची झिजलेली, कोणाची कोरी, यावरून राजांचा मागचा-पुढचा क्रम लावता येतो. तीच नाणी मशीनवाल्याने रात्री उपसून पाच गावच्या पाच गिऱ्हाइकांना विकली असती, तर प्रत्येकाच्या हाती एक मळकट चकती उरली असती. नाण्याची अर्धी विद्या नाण्यावर असते. उरलेली अर्धी ते जिथे पडले होते त्या मातीत असते, शेजारच्या खापरात, राखेत, हाडात असते.

हे मी जमिनीच्या माणसाच्या नजरेने सांगतो. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात शिरेल अशा भेगा पडतात. वरची वस्तू भेगेतून खाली जाते. पावसाळ्यात माती फुगते आणि खालचे दगड वर ढकलते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते म्हणतात ते खोटे नाही. त्यामुळे काळ्या वावरात सुटे नाणे मिळाले तर ते मूळ जागी असेलच असे नाही. कोणत्या वावरात मिळाले एवढी नोंद पुष्कळ झाली.

पांढरीचे तसे नाही. गावाची पांढरी किंवा ओसाड पडलेली रीठ म्हणजे पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांची माती, चुलीची राख, शेण, चुना आणि हाडे यांचे थर. ती फुगत नाही, भेगाळत नाही. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, वरचा नवा, असे गाठोडे तिथे घडी घालून ठेवलेले असते. वर्धेकाठी कौंडिण्यपूरला १९६०च्या दशकात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रोक्त खोदाई केली, ती अशाच थरांतून. पूर्णेच्या खोऱ्यात बुलडाणा जिल्ह्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या मंडळींना विटांचा स्तूप आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी मिळाल्या, त्याही तशाच.

आपण या पांढरीचे काय करतो? गाड्या भरून शेतात नेतो. कास्तकाराचे त्यात चुकते असे मी म्हणणार नाही. राखेमुळे, शेणामुळे, हाडांमुळे त्या मातीत स्फुरद आणि पालाश असते, पीक उठते, हे आपल्या आजोबांना प्रयोगशाळेशिवाय कळले होते. पण आजोबा टोपल्याने नेत, आपण जेसीबीने नेतो. एका उन्हाळ्यात दोन हजार वर्षे खलास. त्यापेक्षा चांगले कुजलेले शेणखत आणि माती तपासून दिलेले सुपर फॉस्फेट घाला. पिकाला फरक कळणार नाही. गढीच्या मातीचेही हेच.

आता कायद्याकडे वळू. सापडले की सरकार सगळे नेते, वरून वावरही जाते, अशी समजूत गावोगाव आहे. माणसे मुकाट्याने विकून टाकतात ती या भीतीने. ही समजूत अर्धवट आहे.

भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे. काय सापडले, किती, कोठे, कोणत्या तारखेला, हे लिहायचे. वस्तू सरकारी खजिन्यात जमा करायची किंवा तारण द्यायचे. मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतो. कोणाचा हक्क असेल तर सांगायला चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख ठेवतो. मागच्या शंभर वर्षांत पुरणारा मालक किंवा त्याचे वारस पुढे आले नाहीत, तर माल बेवारस ठरतो. जमिनीचा मालक आणि सापडणारा वेगळे असतील आणि आपसात करार झालेला नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सालदाराला तुमच्या वावरात हंडा सापडला तर त्याचा वाटा तुमच्यापेक्षा मोठा आहे, हे ध्यानात असू द्या. तुमच्याच वावरात तुम्हालाच सापडले तर वाटणी करण्याचा प्रश्न नाही. सरकारला तो ठेवा हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन सरकार घेऊ शकते.

कळवले नाही तर मात्र वाटा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. २०२१ मध्ये पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात खोदकामात मिळालेली २१६ सोन्याची नाणी घरात दडवलेली होती. पोलिसांनी ती जप्त केली. वेळेवर अर्ज गेला असता तर वाटा मागायला तोंड राहिले असते.

हा कायदा जुना आहे आणि माझ्या मते कास्तकाराला पुरेसा उदार नाही. तऱ्हाळ्यासारख्या नाण्यांना धातूची किंमत ती काय येणार? इंग्लंडात १९९६ चा कायदा बाजारभावाने मोबदला देतो. २००९ मध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात एका नांगरलेल्या शेतात मशीनने शोधणाऱ्याला सोन्या-चांदीचा जुना साठा मिळाला. साडेतीन हजारांहून अधिक तुकडे होते. त्याने कळवले, जाणत्यांनी येऊन शेत नीट खोदले, आणि ३२ लाख ८५ हजार पौंडांचा मोबदला शोधणारा आणि शेतकरी यांच्यात निम्मानिम्मा वाटला गेला. ठेवा त्या भागातल्याच संग्रहालयांत राहिला. आपल्याकडेही असे झाले तर कोणी काही दडवणार नाही. ते होईल तेव्हा होईल, आज जो कायदा आहे त्यातही अर्ज करणाऱ्याचे नुकसान नाही. चकरा पडतात, हे खरे.

वावर जाण्याची भीती तर बहुतांशी पोकळ आहे. नाणे सापडले म्हणून शेत संरक्षित होत नाही. १९५८ च्या कायद्याने केंद्र सरकारला त्यासाठी आधी जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकतीसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. संरक्षित क्षेत्रातसुद्धा एक फुटापेक्षा खोल न जाणारी शेती करायला तो कायदा मना करत नाही. आपली वखरणी चार बोटे जाते. ट्रॅक्टरची खोल नांगरट मात्र तिथे चालायची नाही.

ज्या जागा आधीच संरक्षित आहेत, जसे नरनाळा, गाविलगड, बाळापूरचा किल्ला, पातूरची लेणी, तिथे मशीन घेऊन जाणे आणि खणणे हा सरळ गुन्हा ओढवून घेणे आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावातली पोरे गडावर सहलीला जाताना कोणी असे मशीन सोबत देत असेल तर वेळीच हटका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार १९७२ च्या कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या परदेशी पाठवण्याची मुभा खासगी माणसाला नाही. दारात येऊन 'जुने काय आहे ते दाखवा' म्हणणाऱ्याला आधी परवाना विचारा.

मशीन स्वतः वाईट आहे असे नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न येथे १८७६ साली मूळ रहिवाशांची आणि लष्कराची लढाई झाली होती. १९८३ मध्ये त्या माळावरचे गवत जळाले. १९८४ मध्ये शास्त्रज्ञांनी गावोगावच्या हौशी मशीनवाल्यांना ओळीने उभे करून सारा माळ धुंडाळला. जिथे मशीन वाजले तिथे झेंडी रोवली, प्रत्येक गोळीची जागा नकाशावर मांडली, मगच ती उचलली. काडतुसांवरच्या खुणांवरून एकच बंदूक रणावर कुठून कुठे गेली हेसुद्धा निघाले. आपल्या तेल्हारा तालुक्यातील अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीची इंग्रज फौज भिडली. तिथल्या वावरात एखादी शिशाची गोळी निघाली तर बाजारात तिचे चार आणे येणार नाहीत. पण अशा गोळ्या कुठे कुठे निघाल्या हे नकाशावर मांडले गेले, तर आपली फौज कोठे उभी होती हे इंग्रजांच्या कागदांवाचून सांगता येईल. एका माणसाने खिशात घातली की ते गेले.

तेव्हा वखराच्या पासेला काही लागले तर औत थांबवा. पुढे खणू नका. दोन्ही धुऱ्यांपासून पावले मोजा, खुंटी ठोका. मोबाइल असेल तर वस्तू उचलण्याआधी फोटो घ्या, शेजारी विळा किंवा पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. किती खोलीवर होते, माती काळी होती की पांढरी, सोबत खापर, राख, वीट काही होते का, हे पोराच्या वहीत लिहून घ्या. मडके असेल तर आतली माती काढू नका, मडक्यासकट ठेवा. आणि बाईमाणसांना विशेष सांगणे, नाणे चिंचेने, लिंबाने किंवा राखेने घासू नका. त्यावरचा हिरवा थर गेला की अक्षरेही जातात. कापडात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा.

मग पोलीस पाटलाला आणि तलाठ्याला सांगा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने तहसील कचेरीत अर्ज द्या. अर्जात गाव, गट नंबर, तारीख, वस्तूंची संख्या आणि शक्य तर वजन लिहा, पंचांसमोर मोजून सह्या घ्या. दोन प्रती करा. एक नागपूरच्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीला टपालाने पाठवा. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, मूर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी येथे १९२८ साली जमिनीतून निघालेल्या जैन मूर्ती आहेत. त्या आपल्याच अकोला जिल्ह्याच्या. नागपूरला गेलात तर पोरांना घेऊन जा आणि खिनखिनीच्या मूर्ती कुठे आहेत म्हणून विचारा.

अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका, आणि ती सातबाराच्या कागदांसोबत ठेवा.